संमतिपत्र आणि चाळीस दिवसांची शाळा

शाळा उघडली आहे. मुलाला पाठवावयाचे की नाही ते पालकांनी ठरवावे, आणि पाठवावयाचे असल्यास तशी लेखी संमती द्यावी. कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रातील शाळा जेव्हा जेव्हा उघडल्या तेव्हा तेव्हा शासनाची भूमिका ही अशी होती. उपस्थिती सक्तीची नव्हती. ती पालकाच्या सहीवर अवलंबून होती. वरवर पाहता यात गैर काहीच नव्हते. मूल आईबापाचे, त्याच्या जिवाची काळजी त्यांची, तेव्हा निर्णयही त्यांचाच, हा युक्तिवाद कोणालाही पटण्याजोगा. परंतु अशी संमती पुण्याच्या कोथरुडातही मागितली गेली आणि गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शीतही मागितली गेली. आणि त्या कागदाखाली झालेल्या किंवा न झालेल्या सहीचा अर्थ दोन्हीकडे सारखा नव्हता. कोथरुडात सही न करणारा पालक मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, म्हणजे घरच्या शाळेत, ठेवून घेत होता. चामोर्शीच्या परिसरातील खेड्यात सही न करणारा पालक मुलाला शाळेतून काढून नुसतेच घरी ठेवीत होता. साथीच्या काळातील शिक्षणाविषयी जी चर्चा झाली तीत हा भेद पुरेसा ध्यानात घेतला गेला नाही.

गोष्ट डिसेंबर २०२१ मधील आहे. मार्च २०२० च्या मध्यास बंद झालेल्या शाळा नववी ते बारावीसाठी २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीसाठी २७ जानेवारी २०२१ पासून उघडण्यास परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेने त्या पुन्हा मिटल्या. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग भरू लागले. देवळे ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या मुहूर्तावर उघडली. नाट्यगृहे व चित्रपटगृहे २२ ऑक्टोबरला. पहिली ते चौथीच्या मुलांची पाळी सर्वांत शेवटी आली, १ डिसेंबर २०२१ रोजी. जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीच्या पटावर चढले ते मूल तोवर पहिली ओलांडून दुसरीच्या मध्यावर पोचले होते, आणि बहुतेक ठिकाणी त्याने वर्गाची खोली आतून पाहिलेली नव्हती. अशा मुलाला आणखी काही दिवस घरी ठेवावे की नाही, असा तो प्रश्न होता.

आणि नेमक्या याच आठवड्यात ओमायक्रॉन अवतरला. जागतिक आरोग्य संघटनेने या नव्या प्रकाराला हे नाव दिले ते २६ नोव्हेंबरला. महाराष्ट्रातील पहिला रुग्ण डोंबिवलीत आढळला तो ४ डिसेंबरला. मुंबई व पुणे या शहरांनी प्राथमिक वर्ग पुढे ढकलले. ते मुंबईत १५ डिसेंबरला आणि पुण्यात १६ डिसेंबरला सुरू झाले. नाताळ दहा दिवसांवर आलेला. इंग्रजी माध्यमाच्या शाळांना त्यानंतर सुट्टी. एवढ्या थोड्या दिवसांसाठी कशाला धोका पत्करावयाचा, आता नव्या वर्षातच पाहू, असे अनेक घरांत ठरले. विदर्भात तर 'कॉन्व्हेंट' हा शब्द आता फार सैल झाला आहे. जेथे कोणत्याही जोगिणीची सावलीही पडलेली नाही अशी इंग्रजी बालवाडीदेखील तालुक्याच्या गावी कॉन्व्हेंटच म्हणविली जाते. त्यामुळे नाताळापर्यंत थांबू हा विचार शहरापुरता राहिला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेला नाताळची एकच दिवसाची सुट्टी असते, तिची मोठी सुट्टी दिवाळीची; पण तिच्या पालकांनीही तो विचार उचलला असल्यास नवल नाही. वरच्या थरातील माणसे जे करतात ते शहाणपणाचे असलेच पाहिजे, हा समज आपल्याकडे जुना आहे.

या पालकांची भीती खोटी होती काय? मुळीच नाही. एप्रिल-मे २०२१ ची आठवण ताजी होती आणि ती लाट खेड्यांतही शिरली होती. चामोर्शीला ग्रामीण रुग्णालय आहे; त्यापुढचे उपचार हवे असल्यास जिल्ह्याचे ठिकाण तीसेक किलोमीटरवर, आणि आतल्या गावांना त्याहूनही दूर. महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या या जिल्ह्यात ताप ही काही अनोळखी वस्तू नाही. ताप आणि धाप ही दोन लक्षणे येथील आईला कोणी शिकवावयास नकोत. बालकांचा न्यूमोनिया गावातच ओळखून तेथेच औषध दिले तर बालमृत्यू कमी होतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने याच जिल्ह्यात सिद्ध केले आणि १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून ते जगापुढे आले. ज्या मुलखात मूल श्वासाला महाग होऊन जाताना पिढ्यांनी पाहिले आहे, तेथील आईने मूल पोटाशी धरून ठेवले तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तथापि भीती खरी असणे आणि तिच्यावरचा उपाय योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. कोरोना हा रोग लहान मुलांना बहुधा सौम्य होत होता. तो वयाबरोबर दारुण होत जाई. घरातील खरी जोखीम नातवाला नव्हती, आजीला होती. युरोपातही नाताळापूर्वी मूल घरी ठेवण्यामागचा विचार हाच होता. नेदरलँड्सच्या सरकारने १४ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर केले की, प्राथमिक शाळा नाताळच्या सुट्टीपूर्वी एक आठवडा आधीच, २० डिसेंबरपासून बंद राहतील. मुलांनी शाळेतून संसर्ग आणून सणाच्या जेवणाला जमलेल्या आजीआजोबांना देऊ नये हा त्यामागचा हेतू. शेजारच्या बेल्जियमनेही तेच केले. निर्णय बरा की वाईट यावर मतभेद होऊ शकतील. पण तो सरकारने स्वतः घेतला, सर्वांसाठी घेतला आणि एका आठवड्यापुरता घेतला. कोणा एका मोलकरणीला किंवा गवंड्याला त्याखाली सही करावी लागली नाही.

इंग्लंडची तऱ्हा त्याच्या आदल्या वर्षी उलट होती. तेथे सप्टेंबर २०२० पासून हजेरी सक्तीची करण्यात आली आणि मूल घरी ठेवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद पुन्हा लागू झाली. डिसेंबरच्या मध्यास रुग्णसंख्या वाढताना पाहून लंडनमधील ग्रीनिच या विभागाच्या कौन्सिलने शाळांना नाताळाआधीच वर्ग थांबविण्यास सांगितले, तेव्हा शिक्षणमंत्री गॅव्हिन विल्यम्सन यांनी कायदेशीर कारवाईचा धाक घालून तिला माघार घ्यावयास लावली. पुढे तीन आठवड्यांच्या आत, ४ जानेवारी २०२१ रोजी, अनेक प्राथमिक शाळा सुट्टीनंतर जेमतेम एक दिवस भरल्या, आणि त्याच संध्याकाळी पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर करून त्या बंद केल्या. सरकारी हट्टाचे इतके झटपट फलित क्वचितच पाहावयास मिळते.

महाराष्ट्राने यातले काहीच केले नाही. येथे दंड नव्हता, आठवड्याची मुदत नव्हती; होती ती फक्त संमती. आणि गंमत अशी की, शंभर वर्षांच्या शिक्षणविषयक धोरणाच्या हे अगदी उलट होते. राजर्षी शाहूंनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले तेव्हा मूल न पाठविणाऱ्या पालकाला दंड ठेवला होता. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्याच्या नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला तो १९१८ साली. म्हणजे ज्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे गेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे, त्याच वर्षी. त्या साथीचा सर्वांत कठोर तडाखा बसलेल्या प्रांतांत मध्यप्रांत होता, आणि तेव्हाचा चांदा जिल्हा, ज्यात आजचे चामोर्शी येते, त्याच प्रांतात होता. मूल शाळेत पाठविणे ही पालकाची मर्जी नसून कर्तव्य आहे, हे तत्त्व पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने साऱ्या देशासाठी मान्य केले. गेल्या तीन पिढ्यांतील प्राथमिक शिक्षकाने जून महिन्यात दारोदार फिरून पटनोंदणी केली, शेतावर गेलेल्या मुलाला हाताला धरून आणले, बापाशी हुज्जत घातली ती याच तत्त्वाच्या बळावर. त्याच शिक्षकाच्या हाती एके दिवशी संमतिपत्रे आली, आणि ज्या बापाला तो 'पाठवलेच पाहिजे' असे म्हणत आला होता त्याला 'पाठवायचे असेल तर सही करा' असे म्हणण्याची वेळ त्याच्यावर आली. त्या बापाने यातून कोणता अर्थ घेतला असेल? जो कागद सही मागतो तो काहीतरी जोखमीचा असतो, हे खेड्यातील माणूस सोसायटीच्या कर्जापासून रुग्णालयातील शस्त्रक्रियेपर्यंत अनुभवाने शिकलेला आहे. सही ही जबाबदारी घेण्याची खूण असते. उद्या काही झाले तर तुम्हीच सही केली होती, एवढेच त्याला त्यातून ऐकू आले असणार. अशा वेळी सही न करणे हाच सावध माणसाचा मार्ग ठरतो.

आता चामोर्शीच्या घरात मूल राहिले म्हणजे काय होते ते पाहावयास हवे. वैनगंगेच्या काठचा हा तालुका धानाचा. डिसेंबर म्हणजे धानाची कापणी उरकून बांध्यांत पुंजणे रचलेली, चुरणीची लगबग, घरातील एकूण एक माणूस शेतावर. मूल घरी ठेवले असे म्हणावयाचे, पण घरी असते कोण? ते शेतावर जाते, चुलत्याच्या गावी लग्नाला जाते, आठवडी बाजारात आईच्या मागे हिंडते. आजीपासून संसर्ग दूर ठेवण्यासाठी ज्याला शाळेत पाठविले नाही ते मूल दिवसभर शाळेखेरीज सगळीकडे असते आणि रात्री आजीच्याच कुशीत निजते. हॉलंडमधील डिसेंबर आणि चामोर्शीतील डिसेंबर यांतही फरक आहे. तेथे थंडीमुळे खिडक्या बंद, दिवस लहान, तीस मुले एका कोंडलेल्या हवेत. येथे पाऊस संपून दोन महिने झालेले, आकाश निरभ्र, दुपारचे ऊन अंगावर घ्यावेसे वाटणारे. शाळेच्या ओसरीत किंवा कडुनिंबाखाली वर्ग भरविण्यास या महिन्यात कसलाच प्रत्यवाय नसतो. कोंडलेल्या हवेतून पसरणाऱ्या रोगाविरुद्ध निसर्गाने ही जी सवलत दिली होती ती सरकारी परिपत्रकात कोठे मोजली गेली?

भाषेची गोष्ट याहून गंभीर आहे. या तालुक्यात मराठी बोलणाऱ्यांच्या जोडीने गोंडी बोलणारी कुटुंबे आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती चामोर्शी आणि मुलचेरा या भागात आहेत आणि त्या घरांतील बोली बंगाली. अशा मुलाच्या दृष्टीने शाळा ही पुस्तकाची भाषा कानी पडण्याची जवळपास एकमेव जागा. पुण्यातील मूल घरी राहिले तरी वर्तमानपत्र, दूरदर्शन, आईचे गोष्टी सांगणे यांतून त्याची भाषा वाढतच असते. गोंडी घरातील सहा वर्षांचे मूल वीस महिने घरी राहिले म्हणजे मराठीचे त्याचे खाते कोरेच राहते. आणि नंतर गणितापासून परिसर अभ्यासापर्यंत सर्व काही त्याला त्याच मराठीतून शिकावयाचे असते.

'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही त्या काळातील शासनाची घोषणा. ती अगदीच पोकळ होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०२० पासून रोजचा अभ्यास फोनवर धाडला जात होता. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखविली गेली आणि ती कल्पकही होती. कित्येक शिक्षकांनी गावोगावी जाऊन ओट्यावर मुले जमविली. पण 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला, आणि फोन असलेल्या घरांतीलही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांच्या हाती तो कधी येत नव्हता. तो बापाच्या खिशात असतो आणि बाप कामावर असतो. जाँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्यांतील गरीब वस्त्यांत जी पाहणी केली तिचे निष्कर्ष याहून बोलके होते. ग्रामीण मुलांपैकी नियमितपणे ऑनलाइन शिकणारी ८ टक्के, आणि अजिबात न शिकणारी ३७ टक्के. पुढे २०२२ च्या 'असर'मध्ये ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०.५ टक्केच निघाली. २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होते. शाळेतील पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य या काळात पालकांना कोरड्या स्वरूपात वाटले गेले हे योग्यच झाले. पण शाळेतील खिचडी मुलाच्या ताटात पडते आणि घरी गेलेला तांदूळ घराच्या चुलीवर चढतो, हेही तितकेच खरे.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. शाळा चालू ठेवाव्यात की नाही यावर त्या डिसेंबरमध्ये ज्यांनी मते दिली, पत्रे लिहिली, संघटनांमार्फत निवेदने दिली, त्यांतील बहुसंख्य लोक लिहितावाचता येणाऱ्या घरांतील होते. कारकुनाच्या, शिक्षकाच्या, बँकेतल्या नोकरदाराच्या घरी मूल आठवडाभर राहिले तर त्याचा पाढा एखाद्या वेळी चुकेल, एवढेच. त्या घरात आई शिकविते, बाप तपासतो, शिकवणीचा मास्तर फोनवर येतो. आपल्या मुलाला नाताळापर्यंत घरी ठेवण्याचा निर्णय घेणारा हा पालक स्वतःपुरता चुकत नव्हता. तो चुकला तो आपल्या घराच्या मापाने इतरांची घरे मोजताना. तालुक्याच्या गावी राहून खेड्यातील शाळेत जाणारा शिक्षक हा तर दोन्ही बाजूंचा साक्षीदार. सकाळी आपल्या मुलीला घरी बसवून तो ज्या वर्गाकडे निघे, तेथील मुली घरी बसल्या तर काय होते ते त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. त्याने ते मोठ्याने का सांगितले नाही, हा प्रश्न त्याला विचारणे कठोरपणाचे आहे; पण तो विचारल्यावाचून राहवत नाही. अर्थात त्यालाही घरी म्हातारे आईवडील होतेच, आणि साथीत शिक्षकांनी सर्वेक्षणापासून नाकाबंदीपर्यंत जी कामे केली त्यांत काहींनी प्राणही गमावले, हे विसरून चालणार नाही.

शाळा बंद ठेवण्यापेक्षा आजीला लस टोचून घेण्यास राजी करणे हे काम अधिक कठीण आणि अधिक उपयोगाचे होते. गडचिरोलीच्या आदिवासी गावांत लशीविषयी मोठा संशय होता आणि तो दूर करण्यासाठी आरोग्यसेविका व आशा कार्यकर्त्या पायपीट करीत होत्या. त्यांच्या जोडीला भरणारी शाळा असती तर रोज सकाळी प्रत्येक घराशी बोलण्याचे एक साधन हाती राहिले असते. मूल हे खेड्यात निरोप पोचविणारे सर्वांत भरवशाचे माणूस आहे.

नाताळ होऊ द्या, मग पाहू, असे म्हणणाऱ्यांचा हिशेब पुढे कसा ठरला? ३ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीच्या दिवशी, १५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींचे लसीकरण देशभर सुरू झाले. आणि त्याच दिवशी मुंबई महानगरपालिकेने पहिली ते नववीचे वर्ग बंद केल्याचे जाहीर केले. प्लेगच्या साथीत आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी मरण पावलेल्या शिक्षिकेची ती जयंती. पाठोपाठ राज्य शासनाचा आदेश निघाला आणि १० जानेवारीपासून, बोर्डाच्या वर्गांसारखे काही अपवाद सोडून, साऱ्या महाराष्ट्रातील शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद झाल्या. तो १० जानेवारी विलक्षण होता. ज्या नेदरलँड्सने नाताळासाठी आठवडाभर आधी शाळा मिटल्या होत्या तेथील मुले त्या दिवशी परत वर्गात आली. जवळजवळ दोन वर्षे शाळा बंद ठेवणाऱ्या युगांडानेही त्याच दिवशी त्या उघडल्या. आणि भारतात साठी ओलांडलेल्या, जुने आजार असलेल्या माणसांना लशीची वाढीव मात्रा देण्यास प्रारंभ झाला तोही त्याच दिवशी. म्हणजे आजीच्या संरक्षणाची तजवीज ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवशीच तिच्या संरक्षणासाठी नातवाची शाळा बंद झाली.

१ डिसेंबर ते ९ जानेवारी हे मोजून चाळीस दिवस. त्यांतून सहा रविवार आणि शनिवारी आलेला नाताळ वजा केला तर जास्तीत जास्त तेहतीस दिवस वर्ग भरू शकत होते. वीस महिन्यांच्या खंडानंतर पहिली-दुसरीच्या मुलाला एवढीच शाळा मिळावयाची होती, आणि हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पहिला आठवडा काय होते ते बघण्यात, दुसरा डोंबिवलीच्या बातमीच्या धाकात आणि पुढचे दोन नाताळाची वाट पाहण्यात ज्यांनी घालविले, त्यांच्या मुलांच्या वाट्याला यांपैकी आठ-दहा दिवस आले असतील. काहींच्या वाट्याला एकही नाही. युरोपातील आठवडा हा चालू असलेल्या शाळेतून घेतलेला आठवडा होता आणि परतीची तारीख त्याच्या पाठीवर लिहिलेली होती. येथील मुलाकडून जो आठवडा घेतला तो त्याच्याजवळ होता-नव्हता तेवढ्यातला होता.

यावेळी मात्र पालक गप्प बसले नाहीत. शिक्षणतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि ग्रामीण भागातील कित्येक पालकांनी बंदीला उघड विरोध केला. बाजार, बस आणि लग्नकार्ये चालू असताना शाळाच का, हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. पंधरवडा उलटण्यापूर्वी शासनाने पवित्रा बदलला आणि २४ जानेवारीपासून स्थानिक प्रशासनाच्या निर्णयाने शाळा उघडण्यास मुभा दिली. पालकांची संमती या खेपेलाही आवश्यक होतीच. चामोर्शीच्या बाजूला तोवर धान चुरून झाले होते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील मजुरांची कुटुंबे मिरची तोडण्यासाठी पोराबाळांसह तेलंगणाची वाट धरतात ते दिवस आले होते.